पॅरिसच्या ब्रासरीतील जेवण : आधी वाचा, विचारा, मग मागवा

परदेशी गिऱ्हाइकाने जेवायला बोलावले की आपल्यापैकी अनेकांच्या पोटात गोळा येतो. माल दाखवताना किंवा भाव सांगताना ज्यांची जीभ कधी अडखळत नाही, ते हॉटेलचे कार्ड हातात पडताच मुके होतात. आपल्या भागातील तरुण व्यापारी आता पॅरिसच्या कापड-प्रदर्शनांना जाऊ लागले आहेत. जाण्यापूर्वी ते व्हिसाची चौकशी करतात, विमानाची करतात, नमुन्यांच्या पेटीचीही करतात. जेवणाची चौकशी कोणी करीत नाही. आम्हीही केली नव्हती. त्याची किंमत आम्हाला मोजावी लागली, म्हणून हा लेख.

पहिली खेप

२००४ च्या सप्टेंबरात आम्ही आणि आमचे वडीलधारे भागीदार हाजीसाहेब नॅपकिनच्या सुती कापडाचे नमुने घेऊन पॅरिसला गेलो. तेथील एक घाऊक व्यापारी हॉटेलांना टेबलाचे कापड पुरवीत असे. त्याला आमचा नमुना पसंत पडला. सुताचा काउंट, वजन आणि धुतल्यावर कापड किती आटते, हे त्याने तोंडी विचारले. आम्ही सांगितले ते त्याने तोंडीच मान्य केले. भाव जवळजवळ ठरला. तो म्हणाला, "रात्री आठ वाजता जेवायला या. तुमचे कापड कोठे जाणार ती जागा दाखवतो."

ती जागा म्हणजे एक मोठी ब्रासरी. भिंतभर आरसे, पितळी कठडे, एकमेकांना खेटून मांडलेली लहान टेबले आणि प्रत्येक टेबलावर पांढरे शुभ्र कापड. कार्ड फ्रेंच भाषेत. आजूबाजूला दारूचे पेले. कशात काय आहे ते कळेना, आणि विचारले तर गावंढळ ठरू अशी भीती वाटली. हाजीसाहेब हळूच म्हणाले, "बोल दो, पेट खराब है." आम्ही तसेच सांगितले. यजमान बिचारा काळजीत पडला. त्याने उकडलेले बटाटे मागवले, जवळचे औषधाचे दुकान कोठे आहे तेही सांगितले. आम्ही पाव आणि पाण्यावर ती रात्र निभावली.

तेथून निघालो तेव्हा भुकेने डोळ्यांपुढे अंधारी येत होती. फोबूर सां-दनी रस्त्यावर पॅसेज ब्रादी नावाची १८२८ साली बांधलेली एक छप्परबंद गल्ली आहे. तेथे हिंदुस्थानी-पाकिस्तानी खाणावळी आहेत. तेथे आम्ही बिर्याणीवर ताव मारला. दुसरी प्लेट समोर आली तेवढ्यात आमच्या यजमानाचा कारकून त्याच गल्लीतून घरी जाताना दिसला. त्याने हात उंचावून सलाम केला. आम्हीही केला, पण घास तोंडातच अडकला.

सकाळी गिऱ्हाईक नेहमीसारखेच अदबीने बोलले. पोटाची चौकशी मात्र केली नाही. फक्त म्हणाले, "काउंट आणि आट यांचा प्रयोगशाळेचा दाखला आणा, मग ऑर्डर पाहू." दाखला मागण्यात गैर काहीच नाही. पण आदल्या दिवशी तो आमच्या शब्दावर राजी होता. दाखल्यात दोन महिने गेले आणि ऑर्डर निम्मी आली. कापड तेच होते, भाव तोच होता. उतरला होता तो आमचा शब्द.

ब्रासरी म्हणजे काय?

फ्रेंच भाषेत ब्रासरीचा मूळ अर्थ बिअर गाळण्याची जागा. जर्मनीच्या सीमेला लागून असलेल्या आल्सास प्रांतातील लोक हा धंदा जाणत. १८७०-७१ च्या युद्धानंतर तो प्रांत जर्मनीकडे गेला आणि तेथील अनेक कुटुंबे पॅरिसला आली. बिअर आणि तिच्याबरोबर आंबवलेला कोबी व डुकराचे मांस, ही त्यांची खासियत. पॅरिसमध्ये अशी दुकाने त्याआधीही होती, पण या स्थलांतराने त्यांची भरभराट झाली. बास्तीय चौकाजवळची बोफँजे १८६४ सालची आहे. सां-जेर्में भागातील लिप १८८० सालची. मोंपार्नास भागातील ला कूपोल १९२७ च्या डिसेंबरात उघडली.

ला कूपोल उघडणारे दोघे भागीदार ओव्हेर्न्य या डोंगराळ, गरीब मुलखातले होते. १९२० साली लिप विकत घेणारा मार्सेलँ काझही तिकडचाच. त्या मुलखातील माणसे पॅरिसला प्रथम पाणी वाहायला आणि कोळसा विकायला आली. कोळशाच्या दुकानात एका कोपऱ्यात पेये विकू लागली आणि पुढे शहरातील कॅफे-हॉटेलांचा मोठा भाग त्यांच्या हाती आला. मुंबईत इराणी आणि उडुपी मंडळींनी केले तसेच हे. एका गावच्या माणसाने दुसऱ्याला बोलावून घ्यायचे आणि धंदा शिकवायचा.

आज ब्रासरीत बिअर गाळत नाहीत. ती दिवसभर चालणारी मोठी खाणावळ झाली आहे. पण मूळ ध्यानात ठेवावे, कारण कार्डावरचे अर्धे पदार्थ त्या मुळातूनच आले आहेत.

कार्ड कसे वाचावे?

पहिली गोष्ट अशी की तेथे मेन्यू म्हणजे पदार्थांची यादी नव्हे. यादीला कार्त म्हणतात. मेन्यू किंवा फॉर्म्युल म्हणजे ठरावीक दोन-तीन पदार्थांचे एका बांधील दरातील जेवण. ते स्वस्त पडते. दुपारी प्ला द्यू झूर, म्हणजे त्या दिवसाचा खास पदार्थ, पाटीवर खडूने लिहितात. आंत्रे म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, प्ला म्हणजे मुख्य, देसेर म्हणजे गोड. तिन्ही घेतलेच पाहिजेत असे नाही. नुसते प्ला मागवले तरी चालते.

दुसरी गोष्ट दराची. कार्ड दर्शनी भागी, दाराबाहेर लावण्याची तेथे कायद्याने सक्ती आहे. म्हणजे आत पाऊल टाकण्यापूर्वी फुटपाथवर उभे राहून प्रत्येक पदार्थ आणि त्याचा दर वाचता येतो. कार्डावर लिहिलेल्या दरात कर आणि वेटरची सेवा दोन्ही धरलेले असतात. १९८७ पासून हा नियम पक्का आहे. आपल्याकडे बिलाच्या तळाशी जीएसटी चढतो तसा तेथे काही चढत नाही. जेवणावरील कर २०१४ पासून १० टक्के आहे, पण तो दराच्या पोटातच असतो. टीप देणे सक्तीचे नाही. खूश होऊन चार नाणी ठेवली तर ठेवली.

तिसरी गोष्ट पाणी आणि पाव यांची. १९६७ च्या सरकारी हुकुमापासून जेवणाबरोबर पाव आणि साधे पाणी यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. मोफत पाणी मिळते हे कार्डावर किंवा भिंतीवर लिहिण्याची सक्ती २०२० च्या कायद्याने आली. तरीही नुसते "पाणी" म्हटले तर बाटली येण्याचा संभव असतो आणि तिचे पैसे लागतात. यास्तव "कराफ दो" म्हणावे. नळाच्या पाण्याची सुरई येते. पाव बशीत नव्हे, थेट टेबलावरच्या कापडावर ठेवतात. ते पाहून बिचकू नये.

आपण काय खावे?

आता मुख्य मुद्दा. सर्वसाधारण ब्रासरीत मांस हलाल नसते, असे धरूनच चालावे. मांस कोणत्या देशाचे ते लिहावे लागते. गोमांसासाठी हा नियम २००२ चा आहे. २०२२ पासून मेंढी, कोंबडी आणि डुक्करही त्यात आले. पण देशाचे नाव म्हणजे जबीहाची हमी नव्हे. ला कूपोलमध्ये १९२७ पासून मेंढीच्या मांसाची हिंदुस्थानी पद्धतीची करी मिळते आणि ती फार प्रसिद्ध आहे. नाव आपल्या मुलखाचे आहे म्हणून मांस आपल्या पद्धतीचे ठरत नाही.

काही शब्द पाठ करावेत. डुकराचे मांस कार्डावर दिसते त्यापेक्षा कानाला वेगळे ऐकू येते. उच्चार "पोर" असा आहे, शेवटचा क बोलत नाहीत. जांबों म्हणजे डुकराची मांडी. लार्दों म्हणजे डुकराच्या चरबीदार मांसाचे बारीक तुकडे. हे फार फसवे, कारण ते कोशिंबिरीत आणि अंड्याच्या किशमध्येही घालतात. शुक्रूत म्हणजे तोच आल्सासचा आंबवलेला कोबी. तो सॉसेजबरोबर येतो आणि बहुधा पांढऱ्या वाइनमध्ये शिजवलेला असतो. व्हँ म्हणजे वाइन. हा शब्द पदार्थाच्या नावात आला की पान उलटावे.

पण नावात न आलेली वाइनही असते. कांद्याचे सूप नावाने शाकाहारी वाटते, पण ते बहुधा गोमांसाच्या रश्श्यात करतात आणि त्यात वाइनही पडते. शिंपले वाइनमध्ये वाफवतात. माशावरच्या सॉसमध्येही ती असते. गोडामध्ये बाबा नावाचा केक रममध्ये भिजवलेला असतो आणि सुझेत नावाची धिरडी दारू ओतून पेटवतात. "शिजवल्यावर ती उडून जाते" असे वेटर सांगेल. त्यावर गाफील राहू नये.

मग उरते काय? पुष्कळ उरते. सोल मनियेर हा चपटा मासा पिठात घोळवून लोण्यात परततात आणि वर लिंबू पिळतात. या पदार्थाच्या मूळ कृतीत वाइन नाही. अंडे-मेयोनेझ हा ब्रासरीचा जुना आणि स्वस्त पदार्थ आहे. भाजी, उकडलेले बटाटे, चीज यांच्याबाबत विचारून घ्यावे. बटाट्याचे तळलेले काप काही ठिकाणी गुराच्या चरबीत तळतात, तेही विचारावे. कालवे आणि शिंपले यांबाबत हनफी आणि शाफई मसलकांत फरक आहे. भिवंडी-मालेगावच्या हनफी बांधवांना ते चालत नाहीत, कोकणातील शाफई बांधवांना अडचण नसते. एकाच टेबलावर दोघे असले तर फ्रेंच यजमान गोंधळतो, म्हणून आधीच सांगून टाकावे.

सांगण्यासाठी चार शब्द पुरेत : "सां पोर, सां आल्कोल." म्हणजे डुक्कर नको, दारू नको. आधी "बोंज्यूर" मात्र विसरू नये. सलाम-दुआ न करता थेट काम सांगणे तेथे उर्मटपणा समजतात.

राहिला प्रश्न दारू फिरत असलेल्या टेबलावर बसण्याचा. याबाबत दीनमध्ये ताकीद आहे हे आपण जाणतो. मसला आलिमांना विचारावा. आम्ही कापडवाले आहोत, फतवा देणे आमचे काम नव्हे. व्यवहारातील अनुभव एवढाच सांगतो की यजमानाला आधी कळवले तर तो बहुधा स्वतःही पाणीच मागवतो. आणि पाहुणचार परतवायचा असेल तर उत्तम जागा आहे. १९२६ साली सुरू झालेल्या पॅरिसच्या मोठ्या मशिदीला लागून खाणावळ आणि चहाघर आहे. तेथे कुसकुस आणि पुदिन्याचा चहा मिळतो. फ्रेंच लोक तेथे आवडीने येतात.

धंदेवाल्याच्या नजरेने

ब्रासरीचे गणित आपल्या यंत्रमागवाल्यांना लगेच कळेल. माग थांबला तरी गाळ्याचे भाडे थांबत नाही. तेथील पुष्कळ हॉटेले दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतर उघडतात. ब्रासरी मधल्या वेळेतही शिजवते. त्याच भाड्यात, त्याच टेबलांवर जास्त पाळ्या होतात. टेबले लहान आणि खेटून असतात ती याचसाठी. आरशांमुळे जागा मोठी भासते.

बाकांवर जे काळे-तांबडे आवरण दिसते ते पुष्कळ ठिकाणी चामडे नसते. ते मोलस्किन असते, म्हणजे लेप दिलेले सुती कापड. टेबलावरचे कापड पांढरे असते त्यामागेही हिशेब आहे. सॉस आणि वाइनचे डाग काढायला कडक गरम पाणी व ब्लीच लागते आणि रंगीत कापड ते फार दिवस सोसत नाही. पुष्कळ हॉटेले हे कापड विकत घेतच नाहीत. धुलाई कंपन्यांकडून ते भाड्याने घेतात. सबब आपले खरे गिऱ्हाईक हॉटेलवाला नसून धोबी आहे आणि धोबी कापडाचा भाव पाहत नाही, ते किती धुलाया टिकेल ते पाहतो. हे आम्हाला त्या पहिल्या रात्रीच कळले असते. यजमान तेच दाखवायला घेऊन गेला होता. पण खोटे पोट सांभाळण्यात आमचे लक्ष कापडाकडे गेलेच नाही.

वेटरांकडेही पाहण्यासारखे असते. काळी बंडी, लांब पांढरा एप्रन आणि एका हातावर भरलेला ट्रे. हा तेथे मुलांनी फावल्या वेळात करण्याचा उद्योग नाही, शिकून घेतलेला हुन्नर आहे. त्यांची ट्रे घेऊन चालण्याची शर्यत पॅरिसमध्ये १९१४ पासून होत आली. मध्यंतरी खंड पडला होता. मार्च २०२४ मध्ये ती पुन्हा भरली. कॉफी, पाण्याचा पेला आणि क्रोसाँ न सांडता दोन किलोमीटर चालायचे, धावायचे नाही. ज्या शहरात वेटरच्या चालीचाही मान होतो, तेथे विणकराच्या हाताचाही होऊ शकतो. त्याने आपला माल नीट सांगितला पाहिजे, एवढेच.

वेटर घाई करीत नाही आणि मागितल्याशिवाय बिल आणीत नाही. त्याला दुर्लक्ष समजू नये. "लाद्दिस्यों" म्हटले की बिल येते. धंद्याची गोष्टही जेवणाच्या आरंभी काढू नये. फ्रेंच लोकांत म्हण आहे की मोकळे बोलणे नाशपाती आणि चीज यांच्या दरम्यान होते, म्हणजे जेवण संपत आल्यावर. भाव तेव्हाच निघतो.

दुसरी खेप

२०१९ च्या सप्टेंबरात आम्ही पुतण्याला घेऊन पुन्हा गेलो. हाजीसाहेब तोवर अल्लाहला प्यारे झाले होते. त्याच गिऱ्हाइकाने पुन्हा जेवायला बोलावले. या वेळी आम्ही आठ दिवस आधी ईमेल पाठवला : डुकराचे मांस, हलाल नसलेले मांस आणि दारू आम्ही घेत नाही, शिजवलेलीही नाही, मासा, अंडी, भाजी चालते. सप्टेंबरच्या मध्यात तेथे सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणजे मगरिबची आणि जेवणाची वेळ एकच येते. म्हणून साडेआठला भेटू, असेही लिहिले. एका ओळीत उत्तर आले, "ठीक आहे, कळवले ते बरे केले."

आम्ही पोचलो तेव्हा टेबलावर पाण्याची सुरई होती आणि दारूचा पेला एकही नव्हता. वेटरने सोल मनियेर आणली. स्वयंपाक्याला विचारून आलो, यात वाइन नाही, हे त्याने आपणहून सांगितले. गिऱ्हाईक हसत म्हणाले, "पोट आता बरे आहे ना?" पंधरा वर्षे त्याच्या ध्यानात होते. आम्ही सगळी हकीकत सांगितली, बिर्याणीची दुसरी प्लेटही लपवली नाही. तो म्हणाला, "भूक लागल्यावर मीही तेथेच गेलो असतो. पण मला वाटले, जे जेवणाबद्दल खरे सांगत नाहीत ते कापडाबद्दल तरी सांगतील का?"

जेवण संपत आले तेव्हा त्याने मांडीवरचा नॅपकिन उचलून आमच्या हातात दिला आणि विचारले, "यात आधी काय जाईल?" पुतण्याने काठ चाचपला आणि म्हणाला, "कापड टिकेल, शिवण आधी उसवेल. आमच्याही मालात तेच होते." आम्ही दचकलो. पण गिऱ्हाइकाने कागद काढला आणि दुहेरी शिवणीचा भाव विचारला.

प्रयोगशाळेचा दाखला त्याने या वेळीही मागितला. तो आता त्याचा नियम झाला आहे आणि त्या नियमाला कारण आम्हीच आहोत. फरक एवढाच की ऑर्डर पूर्ण आली आणि दाखल्याची वाट न पाहता आली.

हाजीसाहेब आज असते तर त्यांना सोल आवडली नसती. लोण्यातला मासा त्यांना फिका लागला असता. पण त्यांनी ती मागवली असती.

जाणाऱ्यांसाठी

निघण्यापूर्वी आठ दिवस आधी आपले खाणे यजमानाला लिहून कळवावे. दाराबाहेरचे कार्ड वाचूनच आत जावे. मासा मागवला तरी सॉसचे विचारावे. पाण्यासाठी कराफ दो म्हणावे. न कळलेले विचारण्यात कमीपणा नाही. ज्यांनी कर, सेवा, पाव आणि पाणी यांचा हिशेब दाराबाहेर लिहून ठेवला आहे, ते विचारणाऱ्याला हसत नाहीत. आणि पोट चांगले असेल तर ते खराब आहे असे सांगू नये.